सर, आमच्या घराचं उत्तर खोटं होतं

सर, माईंचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. चौथीचा वर्ग चालू होता, मुलं अठराचा पाढा म्हणत होती. ‘हे मंगळवारी सकाळी गेले. शेवटी फार त्रास झाला नाही. हिराबाईंना कळव, असं दोनदा म्हणाले होते.’ कार्ड मी हजेरीपटात घातलं आणि पाढा शेवटपर्यंत म्हणून घेतला. मग मुलांना घरी सोडलं. तुम्हाला हे आवडलं नसतं. कुणी मेलं म्हणून शाळा बंद ठेवू नये, यावरून आपलं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं आणि त्यात तुम्ही जिंकला होतात. या वेळी तुम्ही नव्हता, म्हणून माझं चाललं.

पेपरात चार ओळी आल्या. ‘लोककल्याणाचं अर्थशास्त्र मांडणारे’ वगैरे. आमच्या दिवाळे गावात हे कुणाला कळणार? इथे तुम्ही कागदवाले. मी बंदरावर बायकांना सांगितलं, कागदवाले गेले, तेव्हा एकीने हातातला कोयता खाली ठेवला आणि विचारलं, “कशान गेलं? जेवत व्हतं का नीट?” तुमच्या अर्थशास्त्राचा एवढा भाग गावाला पाठ झाला आहे.

माईंनी स्मृतिपुस्तिकेसाठी आठवण मागितली आहे. दोन पानं पुरे, म्हणाल्या. मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला कळलं की मला पुस्तिकेसाठी लिहायचं नाही, तुम्हाला लिहायचं आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुमच्या पुस्तकातलं दिवाळ्याचं प्रकरण ज्या एका घरावर उभं आहे, त्या घराच्या पाहणीच्या तक्त्यात मी खोटं लिहिलं होतं. माहीत असून लिहिलं होतं. दहा वर्षं तुमच्यासमोर बसले, तुमच्याशी तावातावाने भांडले, पण हे बोलले नाही. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, म्हणून धीर आला असावा. मी तोंडाळ आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. तोंडाळ माणूस भित्रा नसतो, हा तुमचा गैरसमज होता.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते भाऊच्या धक्क्यावर मासळी उतरवून परत निघालेल्या होडीतून. स्वातंत्र्याला दहा वर्षंही व्हायची होती. पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, अंगाला जवळ्याचा वास, आणि तुम्ही मात्र लग्नाला आल्यासारखे सगळ्यांना नमस्कार करत होतात. तांडेलाने तुमच्याकडून भाडं घेतलं नाही, कारण अर्ध्या वाटेत तुम्ही होडीतलं पाणी उपसत होतात. बंदरावर बायका बसल्या होत्या, त्यात माझी आई होती. तुम्ही विचारलंत, सरकार पंचवार्षिक योजना करतंय, त्यात तुमच्यासाठी काय असावं? आई म्हणाली, “आमाला इचारून तुमी काय करनार?” तुम्ही ते जसंच्या तसं लिहून घेतलंत. तुमच्या सगळ्या कामाचं पहिलं वाक्य ते.

मी तेव्हा बेलापूरच्या शाळेत मास्तरीण. लग्नाच्या वर्षभरातच नवरा गेलेला, परत माहेरी आलेली, फायनल पास झालेली. गावात वाचणारी बाई मी एकटी. तुम्ही शाळेच्या एका खोलीत मुक्काम टाकलात आणि मला म्हणालात, पाहणीसाठी इथलंच माणूस हवं, बाहेरच्याला घरं उंबऱ्यावरून परत पाठवतात. मी विचारलं, मोजायचं काय? तुम्ही पाऊण तास बोललात. मला आठवतं ते असं : देशाचं उत्पन्न मोजतात ते ठीक आहे, पण त्याने माणूस मोजला जात नाही. घरात काय काय आहे एवढंच विचारू नका. घरातल्या माणसाला काय काय करता येतं ते विचारा. आजारी पडला तर दवाखान्यापर्यंत पोचतो का? पोरगी शाळेत टिकते का? बाईच्या मनात आलं तर ती माहेरी जाऊन येऊ शकते का? चारचौघांत मान वर करून बसता येतं का?

मी म्हटलं, “सर, कोळणीची मान ताठच असते, डोक्यावर टोपली असते म्हणून.”

तुम्ही हसलात. मग हसता हसता थांबून म्हणालात, “आणि टोपली उतरल्यावर, हिराबाई?”

मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तर न सुचणं ही घटना गावात क्वचित घडायची, त्यामुळे मी तुमच्याकडे काम करायचं कबूल केलं.

त्या पाहणीत तुमचा एक नियम होता. स्वतःच्या घराचा तक्ता स्वतः भरायचा नाही. आमच्या घरी पनवेलचा पाटकर येणार होता, तुमचा दुसरा कार्यकर्ता. मी अडून बसले. आमच्या चुलीपर्यंत परका पुरुष कशाला, मीच भरते म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही चष्मा काढून डोळे चोळलेत आणि म्हणालात, “नियम अविश्वासासाठी असतात. तुमच्यावर माझा विश्वास आहे.” सर, हे वाक्य तुम्ही बोलला नसतात तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. असं म्हणून तुमच्यावर ढकलत नाही. पण बोलला नसतात तर बरं झालं असतं.

आमचं घर तुमच्या हिशेबाने चांगल्या घरांत मोडायचं. स्वतःची होडी होती, कौलं होती, माझा पगार होता. घरात माणसं सात : आई, बाबा, चुलत आजी, माझा थोरला भाऊ, धाकटा भाऊ, त्याची बायको पदमी आणि मी. पदमी उलव्याची. वीस वर्षांची असेल. लग्नात खाडी ओलांडून आली ती अर्ध्या वाटेत स्वतःच वल्ही हातात घेऊन, त्यावरून वर्षभर तिची चेष्टा चालली होती. हसताना पदराचं टोक दातांत धरायची. मला “वन्सं” म्हणायची आणि मी वह्या तपासत बसले की शेजारी येऊन उकिडवी बसायची. “मना माजा नाव लिवाया शिकवशील?” मी म्हणायचे, शिकवीन, सुट्टी लागू दे. सुट्ट्या लागल्या आणि संपल्या.

आमच्याकडे जेवायची रीत तुम्ही पुढे पुस्तकात लिहिलीत, पण ती तुम्हाला मी सांगितली तेवढीच माहीत होती. आधी होडीवरून आलेले पुरुष. मग म्हातारी माणसं. मग सासू. शेवटी सून, तीही टोप्यात उरलं असेल ते. जिताड्यासारखा महाग मासा लागला तर तो बाजारात जायचा, घरात चिखलातल्या निवट्या शिजायच्या. सून शेवटी जेवली की नाही हे कुणी बघत नसे, आणि विचारलं तर तिने “जेवली” म्हणायचं. “नाही जेवली” म्हणणं म्हणजे सासरला चव्हाट्यावर आणणं. कुठल्याही चांगल्या घरच्या लेकीला हे माहेरीच शिकवलेलं असतं.

आणि पदमीला दिवस गेले होते. त्याची रीत आणखी वेगळी. पोटुशीने पोटभर खाल्लं तर पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं, असं आमच्या बायका मानायच्या. आईच्या डोळ्यांसमोर अशा अडलेल्या दोघी गेल्या होत्या. म्हणून तिने पदमीचा भात निम्मा केला. हे आईने दुष्टाव्याने केलं नाही. स्वतःच्या हाताने तिच्या केसांना तेल लावायची, जड टोपली उचलू द्यायची नाही, आणि ताटातला भात मात्र परत टोप्यात घ्यायची. माया आणि उपास एकाच हाताने.

मी काय करत होते? मी पुरुषांच्या पंगतीत जेवत होते. शाळेला उशीर होतो म्हणून आधी, आणि पगार आणते म्हणून पोटभर. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. बायका शेवटी जेवतात एवढंच सांगितलं. ‘बायका’ या शब्दात मी येत नव्हते.

त्या दिवशी दुपारी मी ओटीवर तक्ता घेऊन बसले. आई सुपात जवळा पाखडत होती. पदमी चुलीपाशी टोपं घासत होती. मी छापील प्रश्न वाचला : ‘घरातील प्रत्येक व्यक्तीस दोन वेळा पुरेसे अन्न मिळते काय?’

आई मान वर न करता म्हणाली, “मिलतं. लिव.”

मी रीतीप्रमाणे पदमीकडे वळले. “पदमी, जेवलीस?”

“जेवली, वन्सं.”

सर, टोप ती माझ्यासमोर घासत होती. त्यात भाताचं शीत नव्हतं. ती सकाळपासून काय जेवली हे मला माहीत होतं, कारण टोपातला शेवटचा भात शाळेतून आल्यावर मीच वाढून घेतला होता. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, घासताना परत मनगटावर येत होत्या. मी ते पाहिलं आणि तक्त्यात सात माणसांपुढे सात वेळा ‘होय’ लिहिलं.

पदमी हात पुसत आली आणि कागदाकडे बघून म्हणाली, “माजा पन नाव लिवला यात?”

“नाव नसतं गं. नुसता नंबर असतो.”

“कवरा नंबर माजा?”

“सहा.”

ती हसली. नंबर मिळाल्याचाही तिला आनंद झाला होता.

का लिहिलं मी तसं? याची उत्तरं मी दहा वर्षं घोळवली. ज्या आईने टोपल्या वाहून, बाबांशी भांडून मला शाळेत घातलं, तिच्याविरुद्ध माझ्याच हाताने कागदावर कसं लिहू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिकलेली पोर घरची भांडी उघडी करते असं गाव आधीच म्हणत होतं. आईही म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खालचं कारण असं की, ‘नाही’ लिहिलं असतं तर त्या दिवसापासून मला पदमीनंतर जेवावं लागलं असतं, नाहीतर तिला माझ्या शेजारी बसवावं लागलं असतं. त्यासाठी घरात उभं राहावं लागलं असतं. तुमच्याशी भांडणं सोपं होतं, तुम्ही परके होतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात मी मुंबईला तुमच्या संस्थेत तक्ते जुळवायला आले होते. धक्क्यावर आमच्या गावची बाई भेटली. पदमीला आठव्यातच कळा लागल्या, दोन दिवस चालल्या, सुईणीने सगळं करून पाहिलं. “आंगान जीवच नव्हता,” ती बाई म्हणाली. पोरही गेलं. मुलगी होती. ते बरंच लहान होतं, अडलं वगैरे नाही.

मी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही आमच्या घराचा तक्ता काढून मागितलात. खूप वेळ त्या सात ‘होय’कडे बघत बसलात. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतंत तर मी त्या क्षणी सांगून टाकलं असतं. पण तुमच्या मनात माझ्याबद्दल शंकाच आली नाही. तुम्ही कागद खाली ठेवून म्हणालात, “घर जेवत नाही हो, हिराबाई. माणूस जेवतो. मी घराला प्रश्न विचारला आणि घराने उत्तर दिलं. हा माझा प्रश्नच चुकला.”

हे वाक्य पुढे तुमच्या नावाने लोक म्हणायला लागले. मला ते ऐकवत नाही.

मग ती बैठक. लांब टेबल, वर पंखा, मी भिंतीकडच्या खुर्चीत. तुम्ही म्हणालात, सगळी पाहणी रद्द करून नव्याने करायची, एकेका माणसाला वेगळं विचारायचं, बाईला घराबाहेर, सासूच्या कानाआड विचारायचं. संस्थेच्या प्रमुखांनी तक्ता उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हटलं, “प्रश्नात काही चूक नाही. चूक तुमच्या माणसांत आहे. ही बाई स्वतःच्याच घराचं उत्तर भरते आणि तुम्ही ते चालवून घेता?” तुमचा आवाज एरवी कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. “तिने जे ऐकलं ते लिहिलं. माझ्या कार्यकर्त्यांच्या प्रामाणिकपणावर बोलायचं असेल तर मला इथे बसायचं नाही.”

आणि तुम्ही उठलात. पुढच्या महिन्यात तुमची ती जागा गेली. सर, मी त्या खोलीत होते. तो माणूस उद्धट होता, पण त्याचं बरोबर होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी पदराने घाम पुसला.

त्यानंतर दोन हिवाळे तुम्ही स्वतःच्या खर्चाने इथली गावं पुन्हा पायी पालथी घातलीत. बेलापूर, उलवे, करंजाडे, मिठागरांकडच्या वाड्या. मी शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी बरोबर असायचे. बायकांना विहिरीवर गाठायचं, बाजाराच्या वाटेवर गाठायचं, एकेकीला विचारायचं. तुम्ही लांब, पाठ करून झाडाखाली बसायचात, मी विचारायचे. करंजाड्याला एका म्हातारीने माझा प्रश्न ऐकून डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, “मना एकलीला आजपत कोनी काय इचारला नाय.” आणि बोलायला लागली ती दुपार कलेपर्यंत थांबली नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. प्रत्येक चुलीमागे तेच निघत गेलं. कोळ्यांकडे, आगऱ्यांकडे, मुसलमान वस्तीत, पनवेलच्या दुकानदारांच्या माडीवरसुद्धा. तुमचं म्हणणं खरं होतं. ते माझ्या खोटेपणातून निघालं, तरी खरं होतं. याचं समाधान मानावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच फिरतीत तुमचा खोकला सुरू झाला. खाडीचा वारा तुम्हाला मानवला नाही. मी म्हणायचे, मुंबईला जा. तुम्ही म्हणायचात, “अजून उलव्याच्या चार विहिरी राहिल्यात.” उलव्याला तुम्ही पदमीच्या माहेरीही गेलात. तिच्या आईने तुम्हाला पाटावर बसवून भाकर वाढली. घरात नवी सून होती. तुम्ही हात जोडून म्हणालात, आधी तिला वाढा, मग मी. सगळं घर ओशाळलं, ती पोर तर रडकुंडीला आली. मला तुमचा राग आला होता. परतताना होडीत मी तुम्हाला म्हटलं, पाहुण्याने असं करू नये, तुम्ही निघून जाता, मागे त्या पोरीला ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, “मग मी काय करायला हवं होतं?” पण तुम्ही ते करणं सोडलं नाहीत, आणि मला आता सांगायला हवं, आमच्या गावात चार-पाच घरांत सुना सगळ्यांबरोबर जेवायला बसतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, कागदवाल्यांनी लाज काढली म्हणून. कुणाचं भलं लाज काढूनही होतं, हे कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला ठाऊक नाही.

आपला एक वाद राहिला. तुमचं म्हणणं, नीट विचारलं की माणूस खरं सांगतो. माझं म्हणणं, नाही सांगत. तुम्ही विचारायचात, “का नाही सांगत?” आणि मी विषय बदलायचे, चहा ठेवायला उठायचे. हिराबाईंना कारण देता येत नाही, म्हणजे माझं बरोबर, असं तुम्ही हसून म्हणायचात. कारण माझ्याकडे होतं. ज्याला विचारतो तो खोटं बोलतो हे तुम्हाला माहीत होतं. विचारणाराही खोटं बोलतो, हे तुमच्या हिशेबात नव्हतं.

गेल्या महिन्यात तुम्हाला भेटले ते शेवटचं. तुम्ही खाटेवर उशांना टेकून बसला होतात. हात बारीक झाले होते. पुस्तकाची प्रुफं आली होती, गावांची नावं तपासायला मला बोलावलं होतं. तुम्ही दिवाळ्याचं प्रकरण पुढे सरकवलंत आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलंत. ‘एका सुस्थितीतील घरात आमच्या कार्यकर्तीस सर्वांनी होय असे उत्तर दिले. तिने जे ऐकले ते प्रामाणिकपणे नोंदले. त्याच घरातील सून तीन महिन्यांत दगावली.’

“बरोबर आहे ना?” तुम्ही विचारलंत.

शब्द अगदी ओठांवर आले होते. माई पेजेची वाटी घेऊन आल्या, तुम्हाला उठवून बसवायला लागल्या. तुमच्या पाठीची हाडं सदऱ्यातून दिसली. मी म्हटलं, “बरोबर आहे, सर.”

तुम्ही पेज अर्धीच घेतलीत. मला म्हणालात, “तुम्ही जेवून आलात का?” मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं, पण त्याचं एवढं काही नाही.

ती प्रुफं अजून माझ्याकडे आहेत. माईंनी कळवलंय, छापखाना थांबला आहे, तुम्ही पाहून पाठवा. तो परिच्छेद तसाच जाऊ द्यावा असं मला आठ दिवस वाटत होतं. तुमचं पुस्तक, तुमचा सिद्धान्त, त्यात ठिगळ कशाला? मग वाटलं, हा मेलेल्या माणसाला दिलेला मान नाही, ही माझी सोय आहे. तुम्ही माझ्या प्रामाणिकपणासाठी खुर्ची सोडलीत. तो प्रामाणिकपणा खोटा होता हे फक्त मला माहीत होतं, आणि मी गेल्यावर कुणालाच राहिलं नसतं. लोक तुमचं पुस्तक वाचतील, पाहणी करायला जातील, आणि घरातल्या शिकलेल्या मुलीवर विश्वास ठेवतील.

पण ते बदलायचं तर आधी आईला सांगायला हवं होतं. पाहणी करणारी कार्यकर्ती म्हटलं की गावाला मी कळते, आणि मी कळले की घर कळतं. आई आता थकली आहे. बाबा गेले, धाकट्या भावाने दुसरं लग्न केलं, त्याची मुलं अंगणात खेळतात. पदमीचं नाव आमच्या घरात दहा वर्षांत कुणी घेतलेलं नव्हतं.

काल दुपारी मी शाळेतून घरी गेले. आई उन्हात चटईवर जवळा पसरत होती. मी शेजारी बसले आणि पदमीचं नाव घेतलं. तक्त्यात मी काय लिहिलं होतं ते सांगितलं, तुम्ही माझ्यासाठी काय सोडलं ते सांगितलं, पुस्तकात काय छापायचं आहे ते वाचून दाखवलं. आई जवळा पसरतच राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग तिचा हात थांबला.

“मना कोनी पोटभर दिला व्हता?” ती म्हणाली. “माज्या सासून चार पोरांच्या येली माजा भात काढला. मी जगली. चार पोरा जगली. मंग ती कशी मेली, हिरे? तुमी येवरा लिवता, मना येवरा सांग. मी जगली, आन ती कशी मेली?”

तिने हे मला टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. दहा वर्षं ती हा एकच प्रश्न मनात घेऊन त्या चुलीपाशी बसली होती आणि तिला तो विचारायला माणूस नव्हता. सगळ्या गावाला विचारत हिंडले, पण तिच्याशी मी या विषयावर एक शब्द बोलले नव्हते.

तुम्ही असतात तर तिला समजावून सांगितलं असतंत, रक्त, ताकद, एकीचं शरीर आणि दुसरीचं शरीर. मला तेवढं येत नाही. मला एकच उत्तर माहीत होतं, ते मी तिला दिलं.

“ती भुकेन मेली, आये. तू दिला नाय आन मी लिवला नाय.”